नुसतं ‘झालं’

लाइन चालू-बंद करायच्या ब्रेकरच्या मुठीवर ठेवलेला हात तिने काढून घेतला आणि अंगातल्या खाकी कोटाला पुसला. हाताला घाम आला नव्हता, पण त्याला दुसरं काहीतरी काम देणं भाग होतं. टेबलावर फोन उताणा पडला होता. तीन वाजून पाच मिनिटांनी तो वाजला होता आणि अकरा सेकंदांत गप्प झाला होता. त्यातले दहा सेकंद नुसता वाऱ्याचा घोंगाट होता आणि उरलेल्या एका सेकंदात एक शब्द.

“झालं!”

मग काहीतरी खडखडलं आणि पलीकडे कोणी उरलं नाही.

खरं म्हणजे या शब्दाशी अडून बसण्यासारखं काहीच नव्हतं. त्या सबस्टेशनात तो दिवसातून पाच-सात वेळा ऐकू येई. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरची परवानगी घेई, ऑपरेटर त्या लाइनची वीज बंद करी; काम आटोपलं की तो फोनवर ‘झालं’ म्हणे आणि ऑपरेटर लाइन पुन्हा चालू करी. त्या एका शब्दात तीन गोष्टी कोंबून बसवलेल्या होत्या. काम संपलं, माणसं खाली उतरली, तारेला लावलेली, चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी साखळी काढून घेतली. पूर्वी सरकारी बोर्ड होतं तेव्हा या तीन गोष्टींसाठी छापील पुस्तक होतं, रकाने होते, दोघांच्या सह्या होत्या. पुढे बोर्डाचे तीन तुकडे झाले. एक कंपनी वीज बनवायची, दुसरी वाहून आणायची, तिसरी विकायची. आधी वीज गेली की लोक एकाच्याच नावाने शंख करत. आता कोणाच्या नावाने करायचा हे ठरेपर्यंत वीज परत येई. विकणाऱ्या कंपनीने पुस्तकं गुंडाळली आणि सगळ्यांच्या हातात फोन दिले. वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ वाचला, दर मात्र वाढले.

तेव्हा ‘झालं’ म्हटलं की मूठ फिरवायची, एवढंच तिचं काम. सोळा वर्षं ती ते करत आली होती. आजचा ‘झालं’ मात्र तिच्या नवऱ्याचा होता, आणि नेमकं तेच अडत होतं.

नवरा याच लाइनवर ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. बायको कायम, नवरा रोजंदार, आणि वर परवानगी देणारी बायको. मग लोकांना काय, आयताच विषय. ‘हा गडी बायकोला विचारल्याशिवाय खांबावरसुद्धा चढत नाही,’ हा विनोद चहाच्या टपरीवर इतका जुना झाला होता की आता तो पुरता सांगायचीही गरज उरली नव्हती. कोणी नुसतं ‘परवानगी घेतली का?’ म्हटलं की बाकीचे हसत. तोही हसायचा. मात्र घरी आल्यावर बूट काढताना ते जरा जोरात फेकायचा.

तिने त्याचा नंबर पुन्हा लावला. संपर्क होत नव्हता. मग त्याच्या जोडीदाराचा लावला. त्या म्हाताऱ्या लाइनमनला सगळे मामा म्हणत. मामांचा फोन बंद होता. तिला आठवलं की मामा फोन घरीच चार्जिंगला लावून येतात आणि त्यांच्या गल्लीत अकरापासून लाइट नाही, म्हणजे चार्जिंग नाही. आणि लाइट नाही ती या कामासाठी तिनेच बंद केली म्हणून. तिला हसू आलं नाही.

भिंतीवरच्या पॅनेलवर त्या लाइनचा हिरवा दिवा जळत होता. हिरवा म्हणजे बंद, लाल म्हणजे चालू. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. तिलाही पहिल्या महिन्यात वाटायचं.

सव्वातीनला शहरातल्या कंट्रोलमधून साहेबांचा फोन आला. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान होते आणि बोलताना पेन टकटकवायचे.

“मॅडम, लाइन अजून बंद दिसतेय.”

“हो सर. निरोपाची खात्री करतेय.”

“निरोप तर आलाय. रेकॉर्डिंग आहे माझ्यासमोर. तीन-पाच. माणूस स्वच्छ ‘झालं’ म्हणतोय.”

“म्हणतोय, सर. पण कशाबद्दल म्हणतोय?”

पेनची टकटक थांबली.

“म्हणजे?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा ‘झालं’ तिला पाठ होता. काम संपल्याचा ‘झालं’ खालच्या पट्टीत, सुस्कारा टाकल्यासारखा यायचा. जेवण झाल्यावर, गळका नळ बसवल्यावर, भांडणातून उठून जाताना, सगळीकडे तोच. मघाचा तसा नव्हता. मघाचा शब्द वर चढला होता. त्यात हसू होतं. इतक्या वर्षांत काम संपल्याचा आनंद त्याला झालेला तिने कधी पाहिला नव्हता. आनंद व्हावा असं ते कामही नव्हतं. तसा आवाज तिने एकदाच ऐकला होता, तो लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्या खेपेला पास झाला होता तेव्हा.

“आवाज तुटक होता, सर,” ती म्हणाली.

“मला तर नीट ऐकू आला. हे बघा, साडेतीनला दर बदलतो. तोपर्यंतची वीज आपण सकाळीच विकत घेऊन ठेवलीय. आता ती काय डब्यात भरून ठेवू? आणि दूध केंद्राशी करार आहे. लाइन बंद राहिली तर पाव तासाच्या हिशेबाने भरपाई जाते.”

“मला दहा मिनिटं द्या.”

“मॅडम, मी देणारा कोण? घड्याळ देत नाहीये.”

फोन ठेवल्यावर ती उठली आणि पॅनेलपासून दारापर्यंत, दारापासून पॅनेलपर्यंत चालत राहिली. बाहेर कुंपणात ट्रान्सफॉर्मर घुमत होते. कुंपणापलीकडे उघडी शेतं, त्यांच्यामागे टेकडी, आणि टेकडीवरून खांबांची रांग पलीकडे उतरलेली. अकरा किलोमीटर लाइन. तारेखालची, वीज खांबात उतरू न देणारी चिनी मातीची फुटलेली भांडी शोधून बदलायला ते दोघे सकाळी निघाले होते. या घटकेला ते कुठल्या खांबाशी आहेत हे देवालाच ठाऊक. कोणाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार? आणि ती स्वतः पॅनेल सोडून जाऊ शकत नव्हती. बाकीच्या चार लाइनींवर अर्धा मुलूख चालला होता.

आज आनंद होण्यासारखं त्याला काय असेल, हा प्रश्न तिने आतापर्यंत दारातच उभा ठेवला होता. आता तो आत आला.

सकाळीच भांडण झालं होतं. तीनशे किलोमीटरवर सौरऊर्जेचं मोठं वीजकेंद्र उभं राहत होतं. तिथे त्याने अर्ज केला होता, दोन मुलाखतीही देऊन आला होता. कायमची नोकरी, एकट्यापुरती खोली. फक्त एक अट होती: मागच्या तीन वर्षांत सुरक्षेची एकही चूक नको, तसा इथल्या कंपनीचा दाखला हवा. मुलगी दहावीला, हिची नोकरी इथे. ‘दर महिन्याला येत जाईन,’ तो म्हणाला होता. ‘नाही आलात तरी चालेल,’ हे तिच्या तोंडून गेलं होतं. असं तोंडून गेलेलं परत घेता येत नाही, निदान सकाळी सातला डबे भरताना तरी नाही. तो डबा उचलून बाहेर पडला होता. अकरा वाजता फोनवर ‘मॅडम, परवानगी द्या’ म्हणाला तेव्हाही आवाज परक्यासारखा होता.

मग चार तासांत एवढा आनंद?

नोकरीचं पत्र आलं असेल, तर तो ‘झालं’ कामाचा नव्हे. आणि कामाचा नसेल, तर तो आत्ता खांबावर आहे. तिला मनापासून वाटलं की तो कामाचाच असू दे. तो खाली उभा असू दे, विडी ओढत, नोकरीबिकरी काही न मिळालेला. असं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

साडेतीनला दूध केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला.

“ताई, अठरा हजार लिटर आहे हो. टाकी आठ डिग्रीवर गेली.”

“जनरेटर?”

“मालकांनी विकला. डिझेल परवडत नाही म्हणाले, वीज स्वस्त पडते म्हणाले. आता वीज पण परवडत नाही आणि जनरेटर पण नाही. तुम्ही लाइन देता की नाही तेवढं सांगा. गावोगावचं दूध आहे, माझं एकट्याचं नाही.”

“माणूस खांबावर असेल तर?”

“असेल म्हणजे? आहे की नाही?”

“तेच माहीत नाही.”

मॅनेजर माणूस वाईट नव्हता.

“मग लवकर माहीत करून घ्या, ताई,” तो म्हणाला.

तीन चाळीसला साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी पेन वाजत नव्हतं. ते म्हणाले की निरोप रेकॉर्डवर आहे, नियमात बसतो. लाइन चालू केल्यावर काही झालंच तर जबाबदारी निरोप देणाऱ्याची, मॅडमवर काहीही येणार नाही. त्यांनी हे तिच्या भल्यासाठी सांगितलं होतं.

“सर, मी लाइन चालू करत नाही,” ती म्हणाली. “माणूस समोर येऊन सांगेपर्यंत नाही.”

“मग मला लेखी लागेल. विलंबाचं कारण, सविस्तर. परवानगी घेणाऱ्याची सही पण. सहा वाजता मी फोन करीन तेव्हा वाचून दाखवा आणि पानाचा फोटो पाठवा.”

“पाठवते.”

“कारण नीट लिहा, मॅडम. ‘मला वाटलं’ असं चालत नाही.”

चार वाजून पाच मिनिटांनी फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिने खिडकीतून पाहिलं. पुढे तो, मागे दोराची वेटोळी खांद्यावर घेतलेले मामा. तिने खुर्चीची पाठ धरली आणि दोघं आत येईपर्यंत सोडली नाही.

“एवढा वेळ लाइन का नाही, म्हणून वाटेत लोक आम्हाला अडवतायत,” तो आत येत म्हणाला. “काम आत्ता झालं. फोन फुटला म्हणून स्वतः यावं लागलं.”

“आत्ता झालं?”

“आत्ता म्हणजे पंधरा मिनिटांपूर्वी. शेवटचा खांब राहिला होता ना.”

“मग तीन वाजता काय झालं होतं?”

त्याचा चेहरा बदलला. त्याच्या ओठांवर तेच हसू येऊ लागलं होतं, जे तिने फोनवर ऐकलं होतं. ते अर्ध्यावर थांबलं. त्याने मामांकडे पाहिलं. मामांना यातलं काही कळलं नव्हतं. ते माठातलं पाणी पिऊन तोंड पुसत होते.

“अहो, यांचं पत्र आलं ना मोबाइलवर!” मामा कौतुकाने म्हणाले. “साखळी मी काढून घेतली होती पुढच्या खांबाला लावायला. हे उतरतच होते. टिंग वाजलं, तर परत वर! अगदी तारेपाशी. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, वर रेंज चांगली येते. तिथून तुम्हाला फोन लावला, आणि ओरडताना हातातून मोबाइल सुटला तो थेट दगडावर. नवा होता हो.”

मामा एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. मग त्यांची नजर पॅनेलवरच्या हिरव्या दिव्याकडे गेली. त्यांनी पेला हळूच माठावर उपडा ठेवला आणि ‘मी बाहेर बसतो’ म्हणून गेले.

तो भिंतीला टेकला. त्याने पट्टा सोडायला घेतला, पण पट्ट्याची कडी काही निघेना.

“माझ्या डोक्यातच आलं नाही,” तो म्हणाला. “तुला सांगायचं एवढंच होतं डोक्यात. आधी तुलाच सांगायचं होतं.”

तिला त्याच्या जवळ जावंसं वाटलं, आणि एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटली. यातलं काहीच न करता ती टेबलाशी बसली, रजिस्टर पुढे ओढलं आणि ‘विलंबाचं कारण’ या मथळ्याखाली लिहू लागली. अक्षर वळणदार येत होतं, हात स्थिर होता. पाच ओळी लिहून तिने रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

त्याने उभ्यानेच वाचलं. परवानगी घेणाऱ्याने काम चालू असताना, साखळी काढलेली असताना, तारेजवळून खासगी फोन केला. निरोप पूर्ण दिला नाही. सबब ऑपरेटरने लाइन चालू केली नाही. पुढे वेळ, तारीख, तिची सही. तिच्या सहीशेजारची जागा मोकळी होती.

“हे गेलं की तिकडचं जातं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“आवाज तुटला, असं लिहिता आलं असतं.”

“आलं असतं.”

“मी जाऊ नये असं तुला वाटतंच होतं.”

“वाटत होतं. अजून वाटतं.” तिने मान वर केली. “पण तिकडे पॅनेलवर जो बसलेला असेल ना, त्याला तुमचा आवाज माहीत नसणार. तो ‘झालं’ ऐकेल आणि मूठ फिरवेल. त्याचं काही चुकणारही नाही.”

“म्हणजे हे माझ्यासाठी लिहिलंस?”

ती खोटं बोलली असती तर त्याला चाललं असतं, कदाचित बरंही वाटलं असतं.

“मला नाही सांगता येत,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी, दोन्ही एकातच गुंतलंय.”

त्याने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. बाहेर मामा खोकले. टेबलावरचा फोन वाजला, दूध केंद्राचा नंबर होता, आणि वाजून थांबला. मग त्याने पेन उचललं आणि मोकळ्या जागेत सही केली. एरवी तो सही एका फराट्यात करायचा. आज अक्षर न् अक्षर सुटं काढलं.

“आता लाइन चालू करा,” तो म्हणाला.

“असं नाही. निरोप द्या. पूर्ण.”

बोर्डाच्या काळात निरोप कसा द्यायचा हे दोघांनाही शिकवलेलं होतं: एकाने पूर्ण वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने ते शब्दाला शब्द परत म्हणायचं, तेव्हाच तो पोचला असं धरायचं. इतक्या वर्षांत कोणी ते पाळलं नव्हतं. तो सरळ उभा राहिला. दोघांमध्ये एक टेबल होतं, तरी तो दुसऱ्या गावाहून बोलावं तसं बोलला.

“ऑपरेटर मॅडम, तीन नंबर लाइनवरचं काम संपलं. दोन्ही माणसं खाली उतरली. साखळी काढून घेतली.”

“तीन नंबर लाइनवरचं काम संपलं,” ती म्हणाली. “दोन्ही माणसं खाली उतरली. साखळी काढून घेतली.”

तिने मूठ फिरवली. धाडकन आवाज झाला, हिरवा विझला, लाल लागला आणि काटा थरथरत वर चढला. कुठेतरी टाकीतलं दूध पुन्हा गार व्हायला लागलं असेल.

तो जायला वळला.

“थांबा,” ती म्हणाली. “दुसरा निरोप राहिला. तीन वाजताचा. तोही पूर्ण द्या.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. आवाज खालच्या पट्टीतला होता.

“मला नोकरी लागली होती.”

“तुम्हाला नोकरी लागली,” ती म्हणाली.

“होती,” त्याने दुरुस्त केलं.

तो शब्द परत म्हणायला हवा होता. तिने ओठ उघडले, आणि साहेबांना पान वाचून दाखवायला, म्हणजे सहा वाजायला, अजून किती वेळ आहे ते घड्याळात पाहिलं.